‘सर्वऋतू’ टायर आणि हिवाळा : एका तांत्रिक तडजोडीचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास शिकविताना आपण वाफेचे इंजिन, यांत्रिक माग आणि आगगाडी यांचा सविस्तर परामर्श घेतो. रबराचा उल्लेख मात्र झालाच तर वसाहतींतील मळ्यांच्या संदर्भात एखाद्या वाक्यात उरकला जातो. वस्तुतः विसाव्या शतकातील मानवी दळणवळण रबराच्या ज्या पातळ थरावर उभे राहिले, त्या थराला स्वतःचा असा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा की, ज्याला ‘ऑल-सीझन’ म्हणजे सर्व ऋतूंचा टायर म्हटले जाते, त्याची वेगवान मोटारींसाठी बनविलेली ‘परफॉर्मन्स’ आवृत्ती थंडी, हिम आणि बर्फ यांना कितपत तोंड देते, आणि ‘सर्व ऋतू’ हे विशेषण तिला कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत चिकटले?

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका दूरध्वनीमुळे वेधले गेले. मिशिगन राज्यात नोकरीनिमित्त गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याची गाडी जानेवारीतील एका सकाळी उतारावरच्या चौकात थांबली नाही. ती संथपणे घसरत जाऊन रस्त्याकडेच्या चरात विसावली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. त्याचा प्रश्न साधा होता : “सर, टायरवर ऑल-सीझन लिहिलंय. नक्षीही चांगली शिल्लक आहे. मग गाडी थांबली का नाही?” या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात जेवढे आहे तेवढेच ते इतिहासातही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रारंभीच एका भाषिक अडचणीची नोंद करणे आवश्यक आहे. आकाशातून भुरभुरत पडणारे ते हिम आणि पाणी गोठून तयार होणारा तो बर्फ, हा भेद आपल्या ग्रांथिक भाषेत आहे. परंतु बोलण्यात दोहोंनाही आपण बर्फच म्हणतो. उसाच्या रसात टाकायचा तो बर्फ आणि गुलमर्गला पाहायला जातो तोही बर्फच. टायरच्या दृष्टीने मात्र हे दोन सर्वस्वी भिन्न पृष्ठभाग आहेत. म्हणून पुढील विवेचनात हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरले आहेत.

रबर आणि थंडी

थंडीशी असलेले रबराचे वैर नवे नाही. इ.स. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबरी वस्तूंचा व्यापार भरभराटीस आला आणि तितक्याच वेगाने कोसळला; कारण ते कच्चे रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई व हिवाळ्यात लाकडासारखे ताठ होई. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापविण्याची प्रक्रिया शोधून काढली आणि १८४४ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळविले. (आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीशी त्याचा वा त्याच्या कुटुंबाचा संबंध नव्हता, ती त्याच्या निधनानंतर १८९८ मध्ये स्थापन झाली.) या प्रक्रियेने रबर टिकाऊ झाले. थंडीत ते कडक होते ही गोष्ट मात्र नाहीशी झाली नाही. ती केवळ अधिक खालच्या तापमानाकडे सरकली. २८ जानेवारी १८८६ रोजी नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकन अवकाशयान नष्ट झाले, त्याच्या मुळाशीही थंडीने लवचीकपणा गमावलेली एक रबरी कडी होती. चौकशी समितीसमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखविला, तो प्रसंग सर्वपरिचित आहे.

प्रत्येक प्रकारच्या रबराला असे एक तापमान असते की, ज्याच्या खाली ते काचेसारखे ताठ व ठिसूळ बनते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस, तर पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराच्या बाबतीत शून्याखाली सुमारे १०० अंशांपर्यंत असते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकल्यावर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला व अमेरिकेने स्टायरिन-ब्युटाडाइन रबराचे प्रचंड उत्पादन सुरू केले. या रबराची काचसदृश होण्याची मर्यादा बरीच वर, म्हणजे शून्याखाली सुमारे ५० अंशांच्या आसपास आहे आणि त्यातील स्टायरिनचे प्रमाण वाढविले की ती आणखी वर सरकते. येथे एक महत्त्वाचा पेच उद्भवतो. ज्या गुणामुळे हे रबर ओल्या डांबरी रस्त्यावर उत्तम पकड देते, तोच गुण त्याला थंडीत लवकर कडक करतो.

वाचक विचारतील की, मिशिगनमध्ये काही शून्याखाली ५० अंश तापमान नसते, मग अडचण कोठे? अडचण वेगाची आहे. धावत्या चाकाखाली रस्त्यावरील खडीच्या सूक्ष्म टोकांवरून जाताना रबर सेकंदाला हजारो वेळा दाबले व सोडले जाते. इतक्या जलद हालचालीला रबर प्रत्यक्ष तापमानाच्या मानाने कितीतरी अधिक ताठ असल्यासारखा प्रतिसाद देते. म्हणूनच उन्हाळी टायरची पकड गोठणबिंदूच्याही वर, साधारणतः ७ अंशांच्या खाली जाणवण्याइतकी घटू लागते, असे टायर-व्यवसायात मानले जाते. ७ हा आकडा काही लक्ष्मणरेषा नव्हे. मिश्रणानुसार तो पुढे-मागे होतो.

हिवाळी टायरचा उदय

आरंभीच्या मोटारचालकांनी हिमावर जो उपाय शोधला तो रबराबाहेरचा होता. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याला १९०४ मध्ये टायरभोवती गुंडाळावयाच्या साखळीचे पेटंट मिळाले. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला हिमवर्षावात जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी चाकाला चेन लावलेली गाडी पाहिली असेलच. सव्वाशे वर्षांत या साधनात तत्त्वतः फारसा बदल झालेला नाही.

खऱ्या अर्थाने हिवाळ्यासाठी टायर घडविण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाच्या पूर्वसुरी कंपनीने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी ‘केलिरेंगास’ हा टायर आणला. त्या काळी तेथील रस्त्यांवरील हिम नियमितपणे दूर केले जात नसे. तेव्हा चाकानेच हिमात रुतून वाट काढणे क्रमप्राप्त होते. त्यासाठी टायरवर आडव्या, खोल खाचा पाडण्यात आल्या. १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ हा टायर आला. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फस याच्या सैन्यातील फिनिश घोडदळाचे हे नाव. घोड्याच्या टापेपासून रबरी खाचेपर्यंतचा हा प्रवास इतिहासाच्या शिक्षकास रोचक वाटावा असा आहे.

खाचा हिमात उपयोगी पडतात त्यामागील कारण लक्षात घेण्यासारखे आहे. हिम दाबले जाते. टायरच्या खाचेत गेलेले हिम घट्ट होऊन त्याचा जणू दात तयार होतो आणि हा दात रस्त्यावरील हिमात अडकतो. हिम हिमाला धरते. म्हणजे खाचेत हिम भरून राहणे हे येथे उपकारक ठरते. चिखलाचे नेमके याच्या उलट आहे. चिखलाने भरलेली नक्षी निरुपयोगी होते. तेथे खाच आपोआप मोकळी व्हावी लागते. ट्रॅक्टरचा मागचा टायर पाहिलेल्या कोणाही शेतकऱ्यास हे सांगण्याची गरज नाही. तरीही टायर उद्योगाने पुढे चिखल आणि हिम यांना एकाच संज्ञेत बांधले. ‘मड अँड स्नो’, संक्षेपाने ‘एम अधिक एस’.

बर्फावर खाचांचा हा उपाय चालत नाही, कारण बर्फ दाबला जात नाही. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो व त्यावरून चाक तरंगते. याच कारणाने शून्याखाली २० अंशांच्या बर्फापेक्षा शून्याजवळचा बर्फ अधिक निसरडा असतो, ही सामान्य समजुतीच्या विरुद्ध असलेली बाब होय. १९६० च्या दशकात यावर धातूचे खिळे बसविलेले टायर लोकप्रिय झाले. ते बर्फाला खरडत, पण बर्फ नसेल तेव्हा रस्त्यालाही खरडत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९७१ पासून त्यांवर बंदी आली. जपानमध्ये खिळ्यांनी उखडलेल्या रस्त्यांची धूळ हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला आणि १९९० मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यात आला. तत्पूर्वीच, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोनने सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराचा ‘ब्लिझॅक’ टायर जपानी बाजारात आणला होता. ही छिद्रे बर्फावरील पाण्याचा थर शोषून घेतात. बंदी आणि शोध यांचा संबंध कसा असतो याचे हे उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात अधिक अभ्यासले जावयास हवे.

‘सर्व ऋतू’ या शब्दाचा जन्म

अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत हिमप्रदेशातील कुटुंबे शरद ऋतूत मागच्या दोन चाकांना हिमटायर चढवीत व वसंतात उतरवीत. १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ हा रेडियल टायर बाजारात आणला आणि वर्षभर एकच टायर ही कल्पना रूढ झाली. ‘टिएम्पो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ काळ असाही होतो आणि हवामान असाही. पुढील दशकात नव्या मोटारी कारखान्यातूनच असे टायर लावून येऊ लागल्या. वर्षातून दोनदा करावा लागणारा खटाटोप व दुसऱ्या संचाचा खर्च वाचला, ही सोय नाकारता येणार नाही.

तथापि ही कल्पना यशस्वी होण्यास टायरखेरीज दोन गोष्टी कारणीभूत झाल्या आणि त्यांचे श्रेय टायरच्या नावाने जमा झाले, असे आमचे निरीक्षण आहे. पहिली म्हणजे पुढच्या चाकांना शक्ती पुरविणाऱ्या लहान मोटारी. इंजिनाचे वजन व ओढ एकाच ठिकाणी आल्याने हिमातून निघणे सुलभ झाले. दुसरी आणि अधिक महत्त्वाची म्हणजे मीठ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील नगरपालिका व राज्ये यांनी रस्ते नांगरून, मीठ टाकून डांबर उघडे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. परिणामतः बहुतेक हिवाळी दिवशी चाकाखाली हिम नसून थंड, ओले डांबर असे. ‘सर्व ऋतू’ हा टायर अशा साफ केलेल्या रस्त्यासाठी होता. नगरपालिकेचा ट्रक येऊन गेलेला नसे, त्या पहाटे त्याच्या नावातील ‘सर्व’ हा शब्द गळून पडत असे.

या टायरवर ‘एम अधिक एस’ हे चिन्ह असे. ते कशाच्या आधारे मिळे? अमेरिकन रबर उत्पादक संघटनेच्या व्याख्येनुसार नक्षीतील मोकळी जागा सुमारे पाव भाग असावी आणि कडेच्या खाचा ठरावीक रुंदीच्या, कोनाच्या व लांबीच्या असाव्यात. म्हणजे ही व्याख्या भूमितीची होती. रबर कोणत्या मिश्रणाचे आहे, ते थंडीत किती ताठ होते, हिमावर गाडी प्रत्यक्ष किती पकडते, यांपैकी कशाचीही परीक्षा या चिन्हासाठी आवश्यक नव्हती. अमेरिकन शासनाने टायरसाठी जी दर्जाश्रेणी लागू केली, तिच्यातील पकडीची श्रेणीही ओल्या डांबरावर व काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरविली जाते. हिमाचा तिच्याशी संबंध नाही. टायरच्या कडेवर ‘अ’ श्रेणी वाचणाऱ्या ग्राहकास हे कसे कळावे?

वेगवान मोटारींची आवृत्ती

परफॉर्मन्स वर्गातील सर्वऋतू टायर ही या तडजोडीवरील दुसरी तडजोड होय. कडेवरील एच अक्षर ताशी २१० किलोमीटर, व्ही २४० आणि डब्ल्यू २७० किलोमीटर वेगाची क्षमता दर्शविते. अमेरिकेत १९७४ ते १९९५ या काळात महामार्गांवर राष्ट्रीय वेगमर्यादा होती, आरंभी ताशी ५५ मैलांची. त्याच काळात अशा अक्षरांचे टायर विकत घेण्याची हौस तेथे वाढली, हा विरोधाभास समाजशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपविणे बरे.

वेगात टायर तापतो. म्हणून त्याचे रबर तापल्यावरही घट्ट राहणारे हवे. वळणावर नक्षीचे ठोकळे वाकू नयेत म्हणून ते मोठे व भरीव हवेत. रस्त्याला अधिक स्पर्श व्हावा म्हणून टायर रुंद हवा. हिमाला नेमक्या याच्या उलट गोष्टी लागतात : थंडीत मऊ राहणारे रबर, असंख्य बारीक चिरांनी लवचीक झालेले ठोकळे आणि हिम कापत खाली जाणारा अरुंद टायर. रबरात सिलिकाचा वापर १९९० च्या दशकात वाढल्यानंतर हा पेच काहीसा सैल झाला. ओल्या रस्त्यावरील पकड न गमावता थंडीत अधिक लवचीक राहणारी मिश्रणे शक्य झाली. सैल झाला, सुटला नाही.

म्हणून या टायरच्या हिवाळी वर्तनाविषयी एकच विधान करणे चुकीचे ठरेल. थंड पण कोरड्या वा ओल्या डांबरावर तो समाधानकारक असतो. तेथे मऊ हिवाळी टायरपेक्षा त्याची वळणावरील व ब्रेकची पकड पुष्कळदा सरसच भरते. उन्हाळी परफॉर्मन्स टायर कडाक्याच्या थंडीत वापरू नये, वापरल्यास त्याच्या रबरास चिरा जाऊ शकतात, असा इशारा निर्माते देतात. तो धोका येथे नाही. पातळ हिमावर नवा टायर निभावून नेतो. मात्र नवेपणी सुमारे ८ मिलिमीटर असलेली खोली निम्म्यावर आली की, खाचेत हिमाचा दात तयार होण्याइतकी जागा उरत नाही व बारीक चिराही बहुधा झिजून गेलेल्या असतात. कायद्याने चालणारी किमान खोली अनेक देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण ऑस्ट्रियात हिवाळ्यात रेडियल टायरसाठी ती ४ मिलिमीटर मागितली जाते ती याच कारणाने. आपल्याकडे ‘गोटा’ झालेला टायर सर्वांना ओळखू येतो. हिमप्रदेशात टायर आपल्या डोळ्यांना चांगला दिसत असतानाच गोटा झालेला असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या ‘शिल्लक नक्षी’चे रहस्य बहुधा यात असावे.

बर्फावर मात्र, नवा असो वा जुना, हा टायर दुर्बळच असतो. चारही चाकांना शक्ती पुरविणारी गाडी चालकाची येथे फसगत करते. ती सुटताना चार चाकांनी जोर लावते, त्यामुळे रस्ता बरा आहे असे वाटते. थांबताना तर प्रत्येक गाडीला चारच चाके असतात. तेथे प्रश्न इंजिनाचा नसून रबराचा असतो. मिशिगनमधील ती गाडीही चारही चाकांच्या शक्तीची होती.

कायदा आणि शब्द

बाजाराने सैल केलेला हा शब्द कायद्याने पुन्हा आवळण्यास बराच काळ लागला. १९९९ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील रबर संघटनांनी तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण असे नवे चिन्ह स्वीकारले. ते भूमितीवर नव्हे, तर प्रत्यक्ष चाचणीवर आधारलेले आहे. दाबलेल्या हिमावर संदर्भ-टायरची ओढ १०० मानल्यास नव्या टायरने किमान ११० गाठावे अशी मूळ अट होती. परफॉर्मन्स वर्गातील बहुतेक सर्वऋतू टायरवर हे चिन्ह आढळत नाही. फक्त ‘एम अधिक एस’ असते. मात्र त्या अमेरिकन चाचणीत सरळ रेषेत गाडी पुढे ओढण्याचीच क्षमता मोजली जाते. ब्रेक, वळण आणि बर्फ तिच्या कक्षेबाहेर राहतात, हे विसरता कामा नये.

कॅनडातील क्यूबेक प्रांताने २००८-०९ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले आणि डिसेंबर २०१४ पासून त्यांवर हे पर्वतचिन्ह असणे आवश्यक ठरविले. जर्मनीतील घटनाक्रम अधिक उद्बोधक आहे. तेथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हिवाळी टायर ठेवण्याचा लोकसंकेत जुना. परंतु २००६ च्या नियमात केवळ ‘हवामानास अनुरूप’ साधने असावीत एवढेच म्हटले होते. जुलै २०१० मध्ये ओल्डेनबुर्ग येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने ही शब्दयोजना दंड करण्यास पुरेशी स्पष्ट नसल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून नवा नियम लागू झाला, पण त्यात ‘एम अधिक एस’ टायर हाच हिवाळी टायर मानण्यात आला! जुनी भूमितीची व्याख्या अशा रीतीने कायद्यात शिरली. पुढे १ जानेवारी २०१८ नंतर बनलेल्या टायरसाठी पर्वतचिन्ह आवश्यक झाले आणि आधीच्या टायरना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. टिएम्पो बाजारात आल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी.

दरम्यान उद्योगही थांबला नाही. मिशेलिनने २०१५ मध्ये युरोपात ‘क्रॉसक्लायमेट’ हा पर्वतचिन्ह असलेला वर्षभराचा टायर आणला. भारतातील अपोलो टायर्सने २००९ मध्ये विकत घेतलेली व्रेडेस्टाइन ही डच कंपनीही अशा टायरसाठी ख्यातनाम आहे. त्यामुळे युरोपच्या हिवाळ्याचा हा विषय भारतीय उद्योगासही परका राहिलेला नाही. मे २०२१ पासून युरोपीय संघाच्या टायर-पट्टिकेवर हिमाचे आणि बर्फाचे अशी दोन स्वतंत्र चिन्हे आली. एका चिन्हाने दुसऱ्याची हमी मिळत नाही, ही गोष्ट प्रथमच सामान्य ग्राहकाच्या नजरेसमोर आली.

त्या विद्यार्थ्याने पुढील नोव्हेंबरात पर्वतचिन्ह असलेल्या टायरचा दुसरा संच घेतला. जुने चार टायर त्याने गॅरेजमध्ये एकावर एक रचून ठेवले आहेत, आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा चढवायचे असे खडूने त्यांवर लिहिले आहे.